रविवारच्या एक्केचाळीस लिंका

निफाड तालुक्यातल्या एका तरुण कृषी पदवीधराचं पत्र आलं आहे. ते दर रविवारी द्राक्ष बागायतदारांना मोबाइलवर लिंकांची यादी पाठवतात: हवामान, रोगांचे सल्ले, निर्यातीचे नियम, शासन निर्णय, बाजारभाव. गेल्या रविवारी एक्केचाळीस लिंका होत्या आणि त्या गोळा करायला तीन तास लागले. यादी पाचशे जणांपर्यंत जाते, पण कोणी एक शब्द बोलत नाही. त्यांचे एक काका म्हणाले, "यात तुझं काय आहे? सगळं दुसऱ्यांचंच की." ते विचारतात, नुसत्या लिंका गोळा करून देण्याला वाचक खरंच किंमत देतात का, की स्वतः लेख लिहायला लागावं? शिवाय एका जैविक औषधाच्या विक्रेत्यानं यादीखाली जाहिरात द्यायची तयारी दाखवली आहे, तिचं काय करावं?

आधी सरळ उत्तर देते. किंमत देतात, आणि काही जण तर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पण एक्केचाळीस लिंकांच्या यादीवर कोणी बोलत नसेल तर त्यात मला वाचकांची चूक दिसत नाही. नाशिकमधल्या एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी तेवीस वर्षं काम केलं. वर्तमानपत्रांची कात्रणं, विषयवार सूची, "या विषयावर आपल्याकडे काय काय आहे" याचे कागद, हेच माझं रोजचं काम. गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी मीही लिंकांची यादी पाठवते, तेव्हा तुमचे तीन तास कसे गेले असतील ते मला समजतं.

काकांचं बोलणं तुम्हाला लागलं आहे, म्हणून त्याबद्दल पहिल्यांदा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. पानामागून पान इतरांच्या पुस्तकांच्या नोंदी. तरी एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या मराठी पुस्तकाचा माग काढायचा असला की अभ्यासक आजही दात्यांच्या सूचीकडे वळतो. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. इतक्या जुन्या संस्थेत वाचकाला हवं ते पुस्तक हाती लागतं, कारण पिढ्यानपिढ्या कोणीतरी बसून नोंदी केल्या. दुसऱ्याच्या लिखाणापर्यंत वाचकाला नेऊन सोडणं हे पूर्ण काम आहे, त्यात कमीपणा नाही. काकांना हे नक्की सांगा.

पण हेच काम मोजायचं कशानं, तेही आमच्या शास्त्रात सांगितलं आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. हा नियम तुमच्या यादीला लावून पाहा. तुमचे तीन तास गेले, पण त्यानं बागायतदाराचा वेळ वाचला का? एक्केचाळीस पानं उघडून, वाचून, आपल्या कामाचं कोणतं ते ठरवायला त्यालाही तेवढाच वेळ लागेल. त्याची सकाळ फवारणीत जाते, दुपार मजुरांमागे, आणि रात्री लाइट आली की मोटर चालू करायला उठावं लागतं. तुम्ही गोळा केलेला भारा न सोडता तसाच त्याच्या डोक्यावर दिलात.

तुम्ही सोबत जोडलेली यादी मी एका बैठकीत उघडून पाहिली, एकही लिंक न सोडता. सतरा लिंका अशा निघाल्या की त्या दर आठवड्याला तशाच राहणार: सातबारा, पीक विमा, बाजार समित्यांचे भाव, हवामान विभागाचं पान. नऊ लिंका एकाच बातमीच्या होत्या, वेगवेगळ्या ठिकाणी छापून आलेल्या. चार उघडल्याच नाहीत. तीन लिंका औषध विकणाऱ्यांच्या व्हिडिओंच्या होत्या. उरल्या आठ, आणि त्या आठ खरोखर चांगल्या होत्या. त्यातल्या दोन मला स्वतःला माहीत नव्हत्या. तुमच्यापाशी नजर आहे. फक्त ती आठांवर पडावी याची सोय तुम्ही वाचकासाठी केली नाही.

एक काळ असा होता की "सगळं एका ठिकाणी" याच गोष्टीला मोल होतं. याहूची सुरुवातच मुळी १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या लिंकांच्या यादीतून झाली. पुढे हजारो स्वयंसेवकांनी मिळून डीमॉझ नावाची प्रचंड सूची उभी केली. याहूची सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. "द्राक्ष डाऊनी" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग) एवढं टाइप केलं की शेकडो पानं समोर येतात, मग सगळ्याची यादी कोणाला हवी? आज माणूस अडतो तो या शेकडोंतलं कोणतं धरायचं आणि कोणतं सोडायचं यावर. तिथं त्याला ओळखीचा, जबाबदार माणूस लागतो.

जबाबदार हा शब्द मी विचार करून वापरते आहे. माझी यादी सुरू होऊन दुसरं वर्ष होतं. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला, डाऊनीची भीती होती, आणि मी घाईनं डाऊनीवरच्या एका सल्ल्याची लिंक यादीत टाकली. दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडच्या एका बागायतदार बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, यातलं दुसरं औषध आता निर्यातीच्या यादीत दिसत नाही. अजून चालतं का?" मी पान पुन्हा उघडलं. तळाशी बारीक अक्षरात तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. आदल्या दिवशी मी ते पान उघडलं होतं, वाचलं नव्हतं. त्या बाई जागरूक होत्या म्हणून त्यांची फवारणी टळली. यादीतल्या बाकीच्यांनी काय केलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या रात्री मी सगळ्यांना दुरुस्ती पाठवली. तेव्हापासून शेवटच्या ओळीपर्यंत न वाचलेली लिंक मी पुढे पाठवलेली नाही.

तुमच्या विषयात तर हे आणखी नाजूक आहे, कारण द्राक्षाचा सल्ला तारखेला जितका बांधलेला असतो त्याहून जास्त छाटणीनंतरच्या दिवसाला बांधलेला असतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची, फळासाठीची गोडी छाटणी हे झालं सर्वसाधारण गणित. पण बागलाणात आगाप, म्हणजे लवकरची छाटणी होते. तिथला माल डिसेंबरात तोडणीला आलेला असतो, तेव्हा निफाडच्या कित्येक बागा फुलोरा किंवा मणी सेटिंगच्या (मणी धरण्याच्या) पुढेमागे असतात. एकाच रविवारी, एकाच जिल्ह्यात, एकच लिंक एका बागेला उपयोगी आणि दुसरीला घातक ठरू शकते. तोडणी जवळ आलेल्या बागेत औषध आणि काढणी यांमधलं अंतर चुकलं तर मालात औषधाचे अवशेष राहतात. लिंक स्वतः हे सांगत नाही. ते सांगायचं काम यादी करणाऱ्याचं.

म्हणून "डाऊनी नियंत्रण" असं लिहून खाली पत्ता चिकटवण्याऐवजी मी अशी नोंद करीन: "पावसानंतर डाऊनीसाठी काय करावं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी, पुणे. सल्ल्याची तारीख अमुक. पोंगा ते फुलोरा या टप्प्यातल्या बागांसाठी. मणी सेटिंग झालेल्यांनी सोडून द्यावं. मजकूर इंग्रजीत आहे, कामाचा तक्ता तिसऱ्या पानावर. मी शनिवारी सकाळी वाचलं." जेमतेम तीस-पस्तीस शब्द (पोंगा म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटण्याची अवस्था). पण यामुळे निम्म्या वाचकांचं लिंक उघडायचं कामच वाचतं, आणि ज्याला गरज आहे तो सरळ तिसऱ्या पानावर जातो. आमच्याकडे याला सटीप सूची म्हणतात. या टिपेत तुमचं शिक्षण, तुमचं गाव, तुमचा अनुभव सगळं उतरतं. काका विचारत होते ते "तुझं" इथं आहे.

"सोडून द्यावं" हे शब्द लिहायला सुरुवातीला जड जाईल. आपण दिलेली गोष्ट कोणी वाचू नये असं आपणच कसं सांगायचं, असं मलाही वाटायचं. पण अकरा वर्षांत वाचकांनी सर्वांत जास्त आभार मानले ते याच शब्दांसाठी. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतला एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, काय वाचायचं ते सगळेच सांगतात. काय नाही वाचलं तरी चालेल ते तुम्ही सांगता."

यादीत काय नाही याचंही वजन असतं, आणि ते नाशिक जिल्ह्यानं भोगलं आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. वेलीची वाढ रोखायला बागायतदार हे संजीवक सर्रास वापरत, लिहोसिन या नावानं ते घरोघरी माहीत होतं. माल तिकडच्या बंदरांत अडकला, आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही कर्जात गेले. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होई, त्यांच्या यादीत तोवर हे रसायनच नव्हतं. यादी पाळणाऱ्या माणसाला वाटतं की जे यादीत नाही त्याची काळजी नको. तुमची यादी काही सरकारी तपासणीची यादी नाही, पण वाचणारा माणूस तोच आहे. म्हणून तुमच्या यादीत काय येतं आणि काय येत नाही हे वर दोन ओळींत लिहून ठेवा. निर्यातीच्या नियमांसाठी तुमच्या यादीवर विसंबू नये, अपेडाचा (शेतमालाच्या निर्यातीचं केंद्र सरकारी प्राधिकरण) आणि संशोधन केंद्राचा चालू हंगामाचा मूळ कागदच पाहावा, हे प्रत्येक वेळी लिहा. कंटाळा आला तरी लिहा.

त्या सतरा कायमच्या लिंका एका वेगळ्या पानावर एकदाच नीट मांडा आणि रविवारच्या यादीच्या तळाशी त्या पानाची एकच लिंक द्या. एकाच बातमीच्या नऊ लिंकांमधली सर्वांत जवळच्या स्रोताची ठेवा. बातमी शासन निर्णयाची असेल तर शासन निर्णयच द्या.

उघडल्या नाहीत त्या चार लिंकांबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. लिंका मरतात, आणि कल्पनेपेक्षा लवकर मरतात. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती. सरकारी संकेतस्थळं नव्यानं बांधली की जुने पत्ते एका रात्रीत निकामी होतात, हा माझा दर दोन-तीन वर्षांचा अनुभव. म्हणून पत्त्याबरोबर नेहमी अशी खूण द्या की पत्ता गेला तरी कागद सापडावा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक छापलेला असतो. लांबलचक आकडा, सुरुवातीचे आकडे साल-महिना-दिवसाचे. विभागाचं नाव, निर्णयाची तारीख आणि हा संकेतांक टिपेत लिहिला असेल तर लिंक मेली तरी माणूस निर्णयापर्यंत पोहोचतो. दुसरं, महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत आणि फार वेळही लागत नाही. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर कोणी मागितलं की मी अर्काइव्हवरच्या प्रतीचा पत्ता देते, सोबत खंड सोळावा असं लिहिते. त्यामुळे पडदा कोरा दिसला तर माणूस ग्रंथालयात येऊन तोच खंड मागू शकतो.

लहान केलेले पत्ते वापरू नका. एक तर ती सेवा बंद पडली की मूळ पत्ता काय होता याचा मागमूस राहत नाही. गूगलनं आपली अशी सेवा २०१९ पासून नव्या पत्त्यांसाठी बंदच केली. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पीएम किसानच्या नावानं मोबाइलवर एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार शेतकऱ्यांबाबत झाले आहेत. अनोळखी अक्षरांची लिंक दाबायला माणूस घाबरतो, आणि त्यानं घाबरलंच पाहिजे. पूर्ण पत्ता दिसू द्या. सरकारी संकेतस्थळाचं नाव सहसा जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इननं संपतं, हे वाचकांना अधूनमधून सांगत राहा.

आता तुमच्या मनात सलणारी गोष्ट: पाचशे जणांतलं कोणी बोलत नाही. आमच्या ग्रंथालयात जिन्याजवळ कात्रणांचा फलक होता. मी रोज सकाळी सात-आठ कात्रणं लावायची. पहिली चार वर्षं त्याबद्दल मला कोणी काही म्हणालं नाही. माणसं चप्पल घालता घालता थांबत, वाचत, निघून जात. एकदा भिंतीला रंग द्यायचा म्हणून फलक दोन आठवडे काढून ठेवला, तर अकरा जण माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेले. त्यातल्या एका आजोबांनी तर चार वर्षांतली आपल्या उपयोगाची कात्रणं वहीत तारखेनिशी उतरवून ठेवली होती. ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा मला बोलता येईना. यादीचा वाचक असाच असतो. लेख वाचून माणूस दाद देतो. यादी वाचून तो कामाला लागतो, आणि काम झालं की यादी विसरतो.

पण गप्प बसणारे सगळेच उपयोग करतात असंही समजू नका. "यादी कशी वाटली?" असं विचारू नका, सगळे छान म्हणतील. दर महिन्याला पाच-सहा जणांना फोन करा आणि विचारा, "गेल्या चार रविवारांतलं काय वापरलंत?" उत्तरात एखादी ठरावीक लिंक आली तर यादी पोहोचते आहे. कोणी महिन्यापूर्वीची यादी पुन्हा मागितली तर ती खात्रीची पावती धरा. मला स्वतःला तर सात महिन्यांपूर्वीच्या यादीतल्या एका ओळीबद्दल फोन आलेले आहेत.

सगळ्या पाचशे जणांना एकच यादी हवी का, याचाही विचार करा. आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या सुमारास अशी कल्पना मांडली की प्रत्येक वाचकाच्या गरजेची नोंद करून ठेवावी आणि नवं काही आलं की ज्याच्या गरजेशी ते जुळेल त्यालाच कळवावं. तुमच्याकडे यंत्र नको, वही पुरे. आगाप छाटणीवाले, निर्यातवाले, बेदाणावाले आणि स्थानिक बाजारात माल देणारे असे चार गट केलेत तर प्रत्येकाला आठाऐवजी तीन-चारच लिंका जातील आणि त्या उघडल्या जातील.

स्वतः लेख लिहावा का? लिहिण्याची हौस असेल तर जरूर लिहा, पण लाज वाटते म्हणून लिहू नका. सल्ला देणारे लेख ढिगानं आहेत, त्यांत आणखी एकाची भर पडून निफाडच्या बागेला काय मिळणार? मात्र एक जागा अशी आहे जिथं तुम्ही लिहिलंच पाहिजे: दोन भरवशाच्या लिंका एकमेकींच्या उलट सांगतात तिथं. हवामान विभागाचा पाच दिवसांचा जिल्हानिहाय इशारा एक म्हणतो, आणि मोबाइलवरचं एखादं ॲप तुमच्या गावच्या नावानं तासातासाचा पाऊस दाखवतं. दोन्ही लिंका नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्यात तर वाचक गोंधळतो. जिल्ह्याचा इशारा म्हणजे तुमच्या बांधावरचा पाऊस नव्हे, आणि ॲपवरचा तासाचा आकडा गणितानं काढलेला अंदाज असतो. हा फरक चार वाक्यांत तुम्हीच सांगायचा. तुम्ही दोन्ही वाचलं आहे, त्यानं वाचलेलं नाही.

राहिली जाहिरात. घेऊ नका असं मी ठामपणे सांगते. पैसे मागण्याला माझा विरोध नाही. तीन तासांचं वाचन ही मेहनत आहे, आणि वाचकांनी हंगामाला थोडी वर्गणी दिली तर ती हक्कानं घ्या. गावच्या शेतकरी गटानं खर्च उचलला तर फारच चांगलं. औषध विकणाऱ्याचे पैसे मात्र वेगळे. त्याचं नाव तळाशी आलं की वरच्या प्रत्येक "सोडून द्यावं"कडे वाचक वेगळ्या नजरेनं पाहील. तुमच्या यादीतल्या त्या तीन व्हिडिओंपैकी एक, ज्याची जाहिरात तुम्हाला देऊ केली आहे त्याच औषधाचा आहे. तुम्ही तो पूर्ण पाहून मग घेतलात, की कोणी पाठवला म्हणून घेतलात, हे तुम्हालाच माहीत. त्यांना उत्तर कळवण्याआधी तो व्हिडिओ एकदा शेवटपर्यंत पाहा, आणि येत्या रविवारी तो यादीत ठेवायचा की काढायचा ते ठरवा.